सिंकखालचा पालथा ग्लास

एक अख्खा हिवाळा मी चुकीच्या वर्गात बसून इंग्रजी शिकले. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना तुम्ही मला शहाणी समजणार नाही.

शिकागोजवळच्या एका चर्चच्या तळघरात फुकट इंग्रजी शिकवायचे. टेबलामागच्या गोऱ्या बाईनं माझ्या तोंडाकडे पाहिलं. रंग पाहिला. मग बहिऱ्याशी बोलावं तसा आवाज चढवून, एकेक शब्द तोडून काहीतरी विचारलं. मी म्हटलं, "येस." त्या दिवसांत मी सगळ्यालाच येस म्हणायची. कुणी विचारलं असतं, बाई तुम्हाला या खिडकीतून खाली टाकू का, तरी येस. बाईनं डावीकडच्या खोलीकडे बोट केलं आणि मी जाऊन बसले.

ती खोली स्पॅनिश बोलणाऱ्यांची होती.

शिकवणारी मारिसोल थोडं इंग्रजी बोलायची, थोडं स्पॅनिश. कुठलं कुठं संपतं ते मला काय कळणार? मी सगळंच इंग्रजी समजून पाठ केलं. मुलाच्या घरी कुणाला पत्ता लागू दिला नाही. पूर्ण शिकूनच सांगायचं, फाडफाड बोलून दाखवायचं, असा तोरा होता माझा. भाजी चिरताना घोकायची, भांडी लावताना घोकायची. काय घोकत होते ते देवालाही कळलं नसतं. तशी मी देव मानत नाही, त्यामुळे त्याची अडचण नव्हती.

पण मी तिथं गेले का, ते सांगायला हवं.

आमच्या भागात एक काकू आहेत. नवरा डॉक्टर, आता निवृत्त. अमेरिकेत पहिल्या फळीत आलेली माणसं. सगळी मराठी मंडळी त्यांच्या घरी जमतात. वयानं त्या माझ्याहून मोठ्या. तरी त्या काकू आणि मी मावशी. हे नातं कुठल्या बाजूनं लागतं, ते मराठी माणसाला सांगायला नको. सण असला की मला बोलावणं यायचं. "मावशी, पुरणपोळ्यांना तुमचाच हात हवा बाई." कामाला नाही हं. मदतीला. एकदा त्यांच्याकडे पाहुणे आले होते, गोरेही होते त्यात. मी हात धुऊन, पदर सारखा करून बाहेर निघाले, तर काकू दारातच आडव्या आल्या.

"मावशी, तुम्ही आतच बसा ना. बाहेर सगळे इंग्रजीत बोलतायत. तुम्हालाच ऑकवर्ड होईल."

मी आत बसले. पोळपाटाशेजारी. बाहेर माझ्या पोळ्या खाऊन लोक व्वा व्वा करत होते. इंग्रजीत.

म्हणून इंग्रजी.

वर्गात माझ्या शेजारी रोसारिओ बसायची. मेक्सिकोची. लोकांची घरं साफ करायची. तिच्या हाताला ब्लीचचा वास. पहिल्या दिवशी मी खुर्ची जरा सरकवून घेतली होती. हो, मीच. दुसऱ्या वेळी तर मुद्दाम काठापदराची साडी नेसून गेले, आपण कोण ते सगळ्यांना कळावं म्हणून. रोसारिओनं काठ बोटांत धरून पाहिला आणि विचारलं, "पार्टी?" तेवढ्यात संपला माझा रुबाब.

आणि ते 'गेट'! मारिसोलनं फळ्यावर मधोमध तो शब्द लिहिला आणि भोवती बारक्या शब्दांचा गराडा घातला. गेट अप म्हणजे उठ. गेट आउट म्हणजे चालती हो. गेट बाय म्हणजे कसंबसं भागव. गेट ओव्हर म्हणजे झालं गेलं विसर. गेट अवे विथ म्हणजे पाप करून नामानिराळं राहणं. अरे, चाललंय काय? शेपटी बदलली की जनावर बदलतं. घरी येईपर्यंत माझ्या डोक्यात उठ आणि चालती हो यांची अदलाबदल झालेली असायची. मी चिडून वही आपटायची. रोसारिओ माझ्याहून चिडायची. एकदा मोठ्यानं म्हणाली, "धिस वर्ड हॅज टू मेनी हसबंड्स." मारिसोलसुद्धा हसली.

मग मारिसोल म्हणाली, तुमच्या भाषेत नाही का असं एखादं क्रियापद? रोसारिओनं त्यांचं एक सांगितलं, एचार. म्हणजे टाकणं. मीठ टाकणं तेच, दुसऱ्यावर दोष टाकणं तेच, जीव लावून काम करणं तेच, आणि कामावरून हाकलून देणं, तेही तेच.

माझी पाळी आली. मी म्हटलं, लागणं. भूक लागते. तहान लागते. ठेच लागते. झोप लागते. नोकरी लागते. नजर लागते. हातवारे करून एकेक सांगत होते, बायका हसत होत्या, मी रंगात आले होते. आणि पुढचं जिभेवर आलं. विटाळ लागतो.

थांबले.

"अँड?" मारिसोल म्हणाली.

"फिनिश," मी म्हटलं.

त्या शब्दाला इंग्रजी मला येत नव्हतं म्हणून नाही. मुलानं बजावलं होतं म्हणून. इथं आल्या आल्या मुलानं सांगितलं होतं, "आई, कुणी विचारलं तर नुसतं नागपूर सांग. वस्तीचं नाव नको." आमचं आडनाव गावावरून पडलेलं, त्यावरून काही कळत नाही. हॉलमधला फोटो त्यानं वरच्या बेडरूममध्ये नेऊन लावला. कुणाचा, ते सांगायला नको. मी म्हटलं, बरं बाबा. येस.

माझा वर्ग चुकीचा आहे हेही मला काकूंच्याच घरी कळलं. हळदीकुंकू होतं. कुणीतरी माझ्या हातात वाण दिलं आणि मी मोठ्या ऐटीत, चार बायकांना ऐकू जाईल असं म्हटलं, "ग्रासिआस." सगळ्या हसत सुटल्या. काकू हसून हसून डोळे पुसत म्हणाल्या, "अहो मावशी, ती त्या कामवाल्यांची भाषा! कुठून उचललीत?"

मला लाज वाटली. कशाची, तर आपल्याला त्यांच्यात मोजलं याची. बघा मूर्खपणा. चिखलात बसलेल्या म्हशीनं शेजारच्या म्हशीला काळी म्हणावं, तसं. मी वर्ग बदलायला गेले. पण उजवीकडच्या खोलीतला, नुसत्या इंग्रजीचा वर्ग नात शाळेतून यायच्या वेळेला असायचा. मग राहिले तिथंच. नाक मुरडत.

आता ग्लासाचं.

काकूंच्या सुनेचं डोहाळजेवण होतं. मी सकाळपासून पोळ्यांना. अंगणात बर्फ, खिडक्या बंद, घरभर वेलदोड्याचा वास. पाहुण्या जमायला लागल्या होत्या. एवढ्यात मागच्या दारातून साफसफाईवाली आत आली. घाईचं काम म्हणून तिला जादा बोलावलं होतं. एरवी तिचा वार ठरलेला, मी सणासुदीला. पाहते तर रोसारिओ.

तिनं मला पाहिलं. ओळख दाखवली नाही. दुसऱ्याच्या घरात ओळख कधी गिळायची, ते आम्हा दोघींना चांगलं कळत होतं.

वरची बाथरूम घासून ती खाली आली, घामाघूम. म्हणाली, "वॉटर, प्लीज."

काकू तिच्याकडे बघून गोड हसल्या. "शुअर डिअर, टेक रेस्ट." आणि माझ्याकडे वळून मराठीत, "मावशी, तिला तिच्या ग्लासात द्या हं. सिंकखाली आहे."

मी सिंकखालचं दार उघडलं. फिनाइल, घासण्या, कचऱ्याच्या पिशव्या. त्यांच्यामागे एका फडक्यावर काचेचा एक ग्लास. पालथा.

तो मी पहिल्यांदा पाहत नव्हते. कितीदा तिथून साबण घेतला होता. पाहिला की स्वतःला सांगायची, झाडांना पाणी घालायचा असेल. काकूंच्या घरात झाडं होती दोन. दोन्ही प्लास्टिकची.

माझी आई एका मास्तरांकडे धुणं करायची. मागच्या भिंतीला बाहेरून कोनाडा होता. त्यात कानतुटका कप. मास्तरीणबाई वरून चहा ओतायच्या, धार उंच धरून. आई प्यायची, कप स्वतःच विसळायची आणि परत कोनाड्यात ठेवायची. पालथा. मी एकदा विचारलं, आई, तो सरळ का ठेवत नाहीस? तर म्हणाली, धूळ बसते. एवढंच.

समुद्र ओलांडून कोनाडा इथं आला होता. वर त्याला नळ बसवून घेतला होता.

मी तो ग्लास काढला. धुतला. भरला. आणि तिथंच उभ्यानं, काकूंकडे बघत, घटाघटा स्वतः प्याले. सगळा. मग ओट्यावर चांदीचं फुलपात्र होतं, सुनेच्या कार्यक्रमासाठी घासून ठेवलेलं, ते भरलं आणि रोसारिओच्या हातात दिलं.

"अहो मावशी! ते ओटीचं आहे."

"पाणीच आहे काकू."

"आणि तुम्ही तिच्या ग्लासातनं प्यायलात?"

"मला सवय आहे," मी म्हटलं. "माझ्या आईचाही असाच होता. तुमच्यासारख्यांच्याच घरी."

पोळी उलटायला घेतलेली एक पाहुणी उलथनं धरून तशीच. काकू म्हणाल्या, "म्हणजे तुम्ही..." आणि अडकल्या. इतकं सुंदर इंग्रजी येणारी बाई, मराठीत एक वाक्य पुरं होईना तिला.

"हो," मी म्हटलं. "त्याच."

काकूंची नजर माझ्या तोंडावरून खाली गेली. परातीवर. परातीत पुरणपोळ्यांची चळत होती. सगळ्या माझ्या हातच्या. तेवढी एक नजर. कुणी थोबाडीत मारली असती तर बरं. गेली किती वर्षं हेच हात त्यांना हवे होते.

मग त्या अगदी हळू, सभ्यपणे म्हणाल्या, "तुम्ही आता निघालात तरी चालेल."

मी परात उचलली. माझं पुरण, माझा घाम. जाताना सिंकखालचा ग्लासही घेतला. पाणी पिऊन झाल्यावर रोसारिओनं फुलपात्र विसळलं नाही. पालथंही घातलं नाही. ओट्यावर तसंच सोडलं आणि माझ्यामागून बाहेर आली. तिच्या गाडीतून आम्ही निघालो. सिग्नलला तिनं परातीतली एक पोळी उचलून खाल्ली. दुसरी उचलली. संध्याकाळपर्यंत तिला निरोप आला, पुन्हा येऊ नको म्हणून. एचार.

मुलालाही फोन गेला होता. तो दारातच उभा. "आई, तुला एवढंही सांभाळता आलं नाही? मला इथं राहायचंय यार. उद्या मी कुणाला तोंड दाखवू?"

"मी दिलंय तेच दाखव," मी म्हटलं. "दुसरं आहे का?"

तो वर निघून गेला. मी फोटो खाली आणला. हॉलमध्ये, दारासमोर, आत येणाऱ्याच्या पहिल्यांदा डोळ्यांत भरेल असा. खिळा मीच ठोकला. नात म्हणाली, "आजी, इट्स क्रुकेड." तिला म्हटलं, तू सरळ कर. तिनं केला. त्यानंतर आमच्याकडे मराठी माणसं कमी येतात. जी येतात ती फोटोखाली बसून पाणी पितात, एकसारख्या ग्लासांतून. त्यात तो एक ग्लास आहे. कुणाच्या वाट्याला येतो ते मी सांगत नाही. कुणी गाव विचारलं की मी आधी वस्तीचं नाव सांगते. मग नागपूर. मग माझं. ज्याला ऑकवर्ड होतं त्याला होऊ दे.

पुढच्या वर्गाला मी ताठ मानेनं गेले. डावीकडच्याच खोलीत. मारिसोलला म्हटलं, माझं ते लागणं अर्धं राहिलं होतं, पूर्ण करायचंय. फळ्याशी उभी राहून मोडक्यातोडक्या इंग्रजीत विटाळ सांगितला, कप सांगितला, इतकी वर्षं काकूंकडे राबताना पाहिलेला ग्लास सांगितला. बायका ऐकत होत्या. मग जागेवर येऊन बसले आणि रोसारिओकडे पाहिलं. खोटं कशाला बोलू, ती आता माझा हात धरेल, निदान ग्रासिआस तरी म्हणेल, असं मला वाटत होतं. तिनं दुसरी घरं शोधायला घेतली होती. पेन्सिलीला टोक करता करता, मान वर न करता ती म्हणाली,

"आय सी दॅट ग्लास फर्स्ट डे. यू वर्क देअर लाँग टाइम. व्हाय सो लेट?"