फुली मारलेली फळी

सहदेव पाताडेची आणि माझी ओळख माझ्या पायांखाली झाली. तालीम चालू होती आणि हा रंगमंचाखाली उताणा पडून कुरकुरणारी फळी ठोकत होता. "बाई, आता नाचा! माझी हमी," तो खालूनच ओरडला. मी नाचले. नाटकांच्या सगळ्या आयुष्यात इतकी बिनधास्त कधी नाचले नाही.

पुढे आमची नाटक मंडळी बंद पडली. मी बोरिवलीत घरी बसले आणि सहदेवने चारकोपच्या इंडस्ट्रियल इस्टेटीत गाळा घेतला. तिथे तो जुनं लाकूड नवं करतो. पाडलेल्या चाळींचे वासे, दारं, जिन्याच्या फळ्या. वरून काळंकुट्ट, पण रंधा मशीनमधून काढलं की आतून मधाच्या रंगाचं सागवान बाहेर येतं. मी अधूनमधून तिथे जाऊन बसते. भुशाच्या वासाने मला मेकअप रूम आठवते, का ते देव जाणे.

जुन्या लाकडाच्या पोटात खिळे असतात. डोकं तुटलेला एखादा खिळा जरी आत राहिला, तरी मशीनच्या फिरत्या पात्याला खाच पडते. मग त्या पात्याखालून जाणाऱ्या प्रत्येक फळीवर त्याच जागी बारीक उंच रेघ उठते.

खिळे काढायचं काम राजेशचं. कणकवलीकडचा, सहदेवच्याच गावचा. गाळा दोघांचा भागीत. राजेशने चुंबक फिरवायचं, जंबुराने खिळे उपटायचे आणि साफ फळीवर खडूने फुली मारायची. फुलीची फळी सहदेव पुन्हा तपासत नसे. एकदा मीच म्हटलं, "चुंबक समोर पडलंय, फिरवून बघ की."

तो चिडला. "त्याच्या फुलीवर चुंबक फिरवायचं म्हणजे त्याला तोंडावर खोटारडा म्हणायचं! बाई, तुम्ही स्टेजवर मागे पडायचात, तेव्हा झेलणाऱ्याला विचारायचात का, आहेस ना रे म्हणून?"

नव्हते विचारत. डोळे मिटून अंग सोडून देत असे.

गेल्या दिवाळीनंतर पाती टिकेनात. आज बसवलेलं पातं उद्या खाचा घेऊन बाहेर. सहदेव धारवाल्याशी भांडला, मग धारवाला बदलला, मग स्वतःवर घसरला. "माझाच हात जड झालाय. फळी रेटतो बहुतेक."

"वय झाला तुझा, सहदेवा," राजेश चहा फुंकत म्हणाला. दोघेही हसले. मीसुद्धा हसले.

पवईच्या ऑफिसांची टेबलं करून घेणारी अनुपमा ही त्यांचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक. रेघा बघून ती कपाळावर हात मारून म्हणाली, "काका, हे काय? माझी वाट लागली ना!" सहदेवने हात जोडले. "चूक माझी, पोरी. पाती मी नीट बसवली नव्हती." राजेश मागेच उभा होता.

नंतर तिचं काम येईना, म्हणून सहदेवने माझ्यासमोरच स्पीकरवर फोन लावला.

"काका, राजेशदादा म्हणाले, तुमचा हात आता राहिला नाही," ती अवघडून म्हणाली. "म्हणून त्यांच्या घाटकोपरच्या गाळ्यात काम दिलं. तुम्हाला माहीत नव्हतं?"

सहदेवने फोन ठेवला. कोपऱ्यात फुली मारलेल्या फळ्यांची थप्पी होती. त्याने चुंबक उचललं, आणि ते हातात धरून नुसताच उभा राहिला. मग टेकवलं. टक्. दुसरी फळी. टक्. त्याने एकही खिळा उपटला नाही. एक फळी तेवढी बाजूला काढून ठेवली.

त्यानंतर राजेश स्वतः पेढे घेऊन आला. नव्या गाळ्याची पूजा होती. "मशीन तूच चालू करूक व्हया. तुझ्याशिवाय कोण असा माका?"

"येतंय," सहदेव म्हणाला.

रिक्षातून बाहेर डोकावणारी ती फळी धरून मीही गेले.

मशीनला हार, आत चकचकीत कोरी पाती. अनुपमाही आली होती. राजेश सहदेवच्या पाया पडला. सहदेवने बटण दाबलं, मशीन घुमू लागलं. त्याने फुली वर करून फळी मशीनच्या तोंडाशी ठेवली.

"घाल," तो राजेशला म्हणाला.

"ही खयची?"

"तुझीच. फुली बघ."

राजेशने फुली बघितली. "थांब. जरा चुंबक फिरवतंय."

"कित्याक? फुली असा मा?"

मशीन घुमत राहिलं. राजेशचा हात फळीकडे येईना. शेवटी त्यानेच वाकून बटण बंद केलं.

"काय झालं?" अनुपमाने विचारलं.

नाटक असतं तर इथे पडदा पडला असता. तिथे मात्र कुणीतरी आमच्या हातांत शिऱ्याचे द्रोण ठेवले. प्रसाद टाकू नये म्हणून सहदेवने तो खाल्ला. फळी तिथेच ठेवून आम्ही निघालो.

रिक्षात तो म्हणाला, "मागितलं असतं तर अनुपमाचं काम मीच त्याला दिलं असतं, बाई." राजेशला शिव्या द्यायला माझं तोंड उघडलं होतं, ते मिटलं.

आता खिळे सहदेवच काढतो. खडू खिडकीत पडून आहे. मी विचारलं, "फुली का मारत नाहीस?"

"कुणासाठी मारू?"

साफ केलेली फळी तो मशीनपाशी आणतो. आणि तिथे, आत्ताच स्वतःच्या हाताने तपासलेल्या त्या फळीवर, पुन्हा एकदा चुंबक फिरवतो.