पाणी शोधायला गेलेले संत अंतोनी

ज्या उन्हाळ्यात गावच्या दूध सोसायटीची विहीर आटली, त्या उन्हाळ्यात सोसायटीचे चेअरमन पहिल्यांदा आमच्या देवळात आले. देऊळ म्हणजे पत्र्याची एक खोली. आष्टी तालुक्यातल्या आमच्या गावात ख्रिस्ती घरं मोजकी, तीही गावाच्या कडेला. माझे वडील धर्मशिक्षक, त्यामुळे सगळं गाव त्यांना मास्तर म्हणायचं. फादर वसईकडचे. त्यांचं मराठी आम्हाला निम्मंच कळायचं, आणि आमचं त्यांना त्याहून कमी.

चेअरमनना संत अंतोनींचा पुतळा हवा होता. हे संत हरवलेल्या वस्तू शोधून देतात, अशी आमची श्रद्धा. त्याच चैत्रात शिंपिणीची नाकातली चमकी हरवली होती. आईनं तिला सहज पुतळ्यापुढं मेणबत्ती लावायला सांगितलं, आणि चमकी पिठाच्या डब्यात सापडली. तेव्हापासून गावात संतांचा बोलबाला झाला होता. वडील चेअरमनना समजावत होते, की हे संत वस्तू शोधतात, पाणी नव्हे. चेअरमन शांतपणे म्हणाले, "मास्तर, आमच्या हिरीत पाणी व्हतं. आता न्हाई. मंग ते हरवलंच की."

वडिलांनी फादरांकडं पाहिलं. फादर सेमिनरीत बरीच वर्षं धर्मशास्त्र शिकले होते. ते म्हणाले, मी येतो सोबत.

सोसायटीच्या जीपमध्ये पुढची सीट संताला दिली. पुतळा पडू नये म्हणून सीटला उपरण्यानं बांधला. फादर, वडील आणि चेअरमन मागं दाटीवाटीनं बसले. चेअरमनच्या घरी आम्हाला पाणी ओंजळीत वरून मिळायचं. त्या दिवशी ते वडिलांच्या मांडीला मांडी लावून बसले आणि संताला ऊन लागतंय का, ते वाकून पाहत राहिले.

सोसायटीच्या आवारात बोअरची गाडी उभी होती. आम्ही पोरं जीपमागं पळत गेलो होतो. संताला खुर्चीवर बसवलं, नारळ फुटला, फादरांनी मान खाली घालून प्रार्थना केली. मशीन सुरू झालं आणि पांढरी धूळ उडू लागली. दुपारपर्यंत संत, फादर आणि चेअरमन एकाच रंगाचे झाले. खालून धुळीशिवाय काहीच आलं नाही.

चेअरमन रागावले नाहीत. बाबा प्रवासानं थकला असेल, म्हणून त्यांनी पुतळा सोसायटीच्या ऑफिसात ठेवून घेतला, दुधाची फॅट तपासायच्या मशीनशेजारी. सकाळी दूध घालायला आलेल्या बायकांनी त्याला हळदकुंकू वाहिलं. संताच्या हातातल्या बाळ येशूच्या कपाळावरही.

त्याच सकाळी परळीच्या एसटीनं चेअरमनचे धाकटे भाऊ आले. शेताच्या वाटणीवरून भांडून ते फार पूर्वी घर सोडून गेले होते. मेले असतील, असं घरात जवळजवळ ठरलं होतं. ट्रंक ओट्यावर ठेवून ते म्हणाले, मी आलो.

ऊन चढायच्या आत चेअरमन पुतळा घेऊन आमच्या दारात हजर. आधी हात जोडले, मग फादरांना म्हणाले, "फादर, ह्याला समजावून सांगा. आमी पाणी मागितलं व्हतं."

फादरांनी पुतळ्याचं कुंकू पुसलं नाही. तसाच जागेवर ठेवला आणि पहिल्यांदाच मोठ्यानं हसले.

गावात मात्र धसका बसला. जे हरवलंय ते हरवलेलंच बरं, असं पुष्कळांना वाटू लागलं. एका सुनेनं माझ्या आईला गळ घातली, की माझी सासू धाकट्या लेकाकडं गेलीय, तिचं नाव संतापुढं काढू नका. एकानं तर पुतळ्याचं तोंड पावसाळ्यापर्यंत भिंतीकडं करायची विनंती केली. कारण सांगितलं नाही.

रविवारी फादरांनी प्रवचनात सांगितलं, की संत म्हणजे मशीन नव्हे, आपण मागतो, देणारा देव. खिडकीबाहेर चेअरमनचे भाऊ उभे राहून ऐकत होते. मिस्साची प्रार्थना संपल्यावर ते आत आले आणि पुतळ्यापुढं बराच वेळ बसले. मग वडिलांना म्हणाले, "मी परळीला राखेच्या गाडीवर व्हतो. पाणी न्हाई म्हणून वीजघर बंद पडलं. दुसरीकडं काम मिळालं असतं. पर घरी जावं वाटलं. कावून वाटलं, ते मला कळंना."

वडील त्यांच्या शेजारी पुतळ्यापुढं जाऊन बसले. मी पुढं शहरांतल्या मोठ्या चर्चमध्ये चांगली चांगली प्रवचनं ऐकली. श्रद्धा म्हटलं की अजूनही मला त्या दोघांच्या पाठी दिसतात.

वाटणी लगेच झाली नाही. चेअरमननी भावाला सोसायटीच्या चारा छावणीवर नेमलं, म्हणजे तो डोळ्यांसमोर राहील. दोघं एकमेकांशी बैलांच्या मार्फत बोलायचे. जूनमध्ये संत अंतोनींचा सण आला, तेव्हा चेअरमननी चहासाठी सोसायटीचं दूध पाठवलं. उन्हानं ते वाटेतच नासलं. दोघे भाऊ देवळाच्या पायरीवर बसून आमच्या कपांतून कोरा चहा प्याले, आणि साखर कमी आहे, यावर त्यांचं एकमत झालं.