चेनवाल्या काकूंचे विकलेले शेअर

एका शेगडीवर दूध, दुसरीवर चहा, मुलीची वेणी अर्धी घातलेली आणि आमचे हे दुसऱ्या पायाचा मोजा शोधत पलंगाखाली शिरलेले, अशा वेळी दारावर थाप पडली. बेल असताना थाप मारणारं माणूस आमच्या मजल्यावर एकच आहे. वेणी हातात तशीच धरून, म्हणजे मुलीसकट, मी दाराशी गेले.

समोर चेनवाल्या काकू उभ्या. गळ्यात मोजपट्टी, हातात फोन, चेहरा फुललेला.

"पडला!" त्या म्हणाल्या.

"कोण पडलं?" आमचे हे एका मोज्यावर धावत आले.

"शेअर पडला हो! सासऱ्यांच्या कंपनीचा. मी विकला तेव्हा बाराशे होता. आज बघा, चारशे!"

"मग आनंद कसला?" ह्यांनी विचारलं. ह्या प्रश्नाचं उत्तर मला पाठ होतं, म्हणून मी त्यांना मोजा शोधायला परत पाठवलं आणि काकूंना आत घेतलं.

काकू शेजारच्या घरात शिवणकाम करतात. पडदे, उशांचे अभ्रे, पँटी आखूड करणं, सगळंच. पण बॅगेची असो नाहीतर कोटाची, बिघडलेली चेन त्यांच्याइतकी झटपट कोणी बसवत नाही, म्हणून अख्खी इमारत त्यांना चेनवाल्या काकू म्हणते. स्वभाव मोकळा. कुणाचं वाईट चिंतायच्या नाहीत, एक अपवाद सोडून. तो अपवाद म्हणजे त्यांची धाकटी जाऊ.

काकूंचे सासरे पंप बनवणाऱ्या कारखान्यात आयुष्यभर ओतकाम करत होते. कंपनीने कामगारांना शेअर दिले होते, ते त्यांनी जाताना दोन्ही सुनांना समान वाटले. पुढे काकांचं वर्कशॉप बंद पडलं, घरात पैसा येईना. काकूंनी आपले शेअर विकले आणि झिगझॅग मशीन घेतलं. त्या मशीनवर घर चाललं, दोन मुली शिकल्या. आणि जावेने शेअर ठेवले.

"ठेवले कसले?" काकू नेहमी म्हणायच्या. "विसरली! कपाटात जुन्या चादरींखाली कागद पडले होते. मी राबले, ती विसरली. आणि श्रीमंत कोण झालं?"

हेच त्यांना सलायचं. जाऊ हुशार निघाली असती तर काकूंनी एकवेळ सोसलं असतं. पण आळसाचं एवढं सोनं व्हावं? मग जावेच्या घरी नवीन काही आलं की काकू ते पाहून यायच्या आणि माझ्याकडे ओकायच्या. सोफा आला, तर त्याचं कापड महिनाभरात गोळे धरणार. पडदे आले, तर "रेडीमेड! टाका केवढा मोठा, माहितीये? बोट जाईल त्यातून." एकदा मी म्हटलं, "काकू, जळता बरं का तुम्ही." तर म्हणाल्या, "जळते ना! तुझ्यापासून काय लपवायचं? चहा टाक."

तर आता त्यांच्या थोरल्या मुलीने त्यांच्या फोनवर शेअरचा भाव बघायची सोय करून दिली होती आणि काकूंनी आयुष्यात पहिल्यांदा तो बघितला होता.

"येत्या रविवारी तिच्याकडे सगळे जेवायला आहोत," काकू खुर्चीत बसत म्हणाल्या. "दीर, नणंदा, सगळं खटलं. तिथेच विचारणार आहे. अगं धाकटे, मी बाराशेला विकला, तुझा तर चारशेवर आला, मग शहाणी कोण?"

मी दूध उतरवलं. कॉमर्सची पदवी आहे माझी, आणि भिशीच्या पैशांतून उघडलेलं एक डीमॅट खातंही आहे. मला शंका आली. शेअर पडला असेल तर मग तो सोफा कुठून आला? बोलू नये असं फार वाटलं. इतक्या वर्षांत ह्या बाईला मी ह्या विषयावर हसताना पाहिलं नव्हतं. पण रविवारी सगळ्या नातेवाइकांदेखत त्या बोलल्या असत्या आणि जावेच्या मुलाने, जो बँकेत आहे, तिथल्या तिथे हिशेब मांडला असता. मग काकूंना तोंड दाखवायला जागा उरली नसती.

"काकू, विकला तेव्हाचा भाव काढून बघू," मी म्हटलं. कंपनीच्या पानावर जुन्या भावांचा तक्ता असतो. काकूंना महिना पक्का आठवत होता, कारण त्याच महिन्यात मशीन आलं. तो महिना काढला. भाव होता साठ.

"साठ?" काकू ताडकन उठल्या. "मला बाराशे मिळालेत! मोजून! हा तक्ता खोटा आहे."

"खोटा नाही. बसा. तुम्ही एक अख्खी चादर विकलीत, समजा बाराशेला. नंतर कंपनीने प्रत्येक चादर कापून दहा रुमाल केले. एका रुमालाचा भाव काय होईल?"

"एकशेवीस. शिलाई सोडून."

"पुढे कंपनीने बोनस दिला, एका रुमालावर एक रुमाल. दुकानात माल दुप्पट झाला, धंदा तेवढाच. म्हणून भाव निम्मा."

"साठ," काकू म्हणाल्या. त्यांचा आवाज बारीक झाला. "म्हणजे माझ्या बाराशेला त्यांनी मागे जाऊन कात्री लावली?"

"लावावीच लागते. नाहीतर तेव्हाची चादर आणि आजचा रुमाल शेजारी ठेवले की भाव कोसळल्यासारखा दिसतो. तुम्हाला दिसला तसाच. जुना भाव बघायचा तो असा सारख्या मापात आणून."

काकू मोजपट्टीचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या. गणितात त्या कच्च्या नाहीत, कापड बेतणारी बाई कच्ची राहूच शकत नाही.

"म्हणजे तिच्या एका चादरीचे वीस रुमाल झाले. आणि एकेक रुमाल चारशेला."

"हो."

"आणि माझे बाराशे."

चहा उकळून काळा झाला होता. मुलगी अर्ध्या वेणीने शाळेत जायला निघाली होती, तिला परत ओढलं.

मी तक्त्यातले पुढचे महिने काकूंना दाखवले. त्यांनी विकल्यावर भाव लगेच वर गेलाच नव्हता. तो पस्तीसपर्यंत घसरला होता आणि कितीतरी वर्षं तिथेच रेंगाळला होता. "हे बघा. तुम्ही थांबला असतात तर त्या वर्षात मशीन आलं नसतं. आज आपल्याला पुढचं सगळं दिसतंय म्हणून सोपं वाटतं. तेव्हा कुणाला दिसत होतं?"

"तिला तर काहीच दिसत नव्हतं," काकू म्हणाल्या. "चादरींखाली होतं." आणि उठून गेल्या. चहा न घेता. माझ्याकडचा चहा त्यांनी सोडला असं आधी कधी झालं नव्हतं.

रविवारी त्या गेल्या. संध्याकाळी स्वतःहून सांगायला आल्या, म्हणजे माझ्यावरचा राग उतरला होता. जेवताना त्यांनी शेअरचा विषय काढलाच नाही म्हणे. मग जाऊच बोलली, "काय मेला बाजार, आठवडाभर खालीच चाललाय, मला तर घासच जात नाही."

"मग?"

"मला गेला की. दोनदा वाढून घेतलं." आणि आम्ही दोघी हसून हसून बेजार झालो.

पण त्या दिवसापासून काकूंना नाद लागला. बाजार उघडला की फोन. त्यांचं मशीन माझ्या स्वयंपाकघराच्या भिंतीला लागून आहे, त्यामुळे भाव मला भिंतीतून कळायला लागला. खाली गेला की मशीन एका लयीत धावायचं आणि वर काकू गुणगुणायच्या. चढला की थांबायचं, पुन्हा सुरू व्हायचं, मध्येच दोरा तुटायचा आणि दोऱ्याच्या कंपनीचा उद्धार व्हायचा. आमचे हे तर डबा घेताना विचारायचे, "आज काय, गाणं की शिव्या?" मला हसू यायचं, पण बरं वाटत नव्हतं. पूर्वी काकू सोफा आला, पडदे आले की जळायच्या, अधूनमधून. आता रोज सकाळी ठरलेल्या वेळी जळत होत्या. कामंही रखडायला लागली. पहिल्या मजल्यावरच्या डॉक्टरीणबाईंची बॅग उघड्या तोंडाने त्यांच्याकडे पडून होती.

मग एक दिवस भाव फारच पडला. सकाळी भिंतीपलीकडे अख्खं गाणं झालं, कडव्यांसकट. आणि दुपारी मशीन बंद. चहाच्या वेळेलाही बंद. आजारी आहेत की काय म्हणून मी गेले, तर काकू मशीनसमोर नुसत्याच बसलेल्या.

"कशाने पडला, कळलं का तुला?" त्यांनी विचारलं.

मी बातमी वाचली होती. कारखान्याचा ओतकामाचा विभाग कंपनीने बंद केला होता.

"सासऱ्यांचंच खातं," त्या म्हणाल्या. "माणसं घरी बसली. आमचे हे घरी बसले होते तेव्हा कसं असतं ते मी बघितलंय. आणि मी सकाळी गात होते."

"तुम्हाला कुठे माहीत होतं?"

"माहीत नव्हतं. पण पडला एवढं पुरलं मला." त्यांनी मशीनवरचे दोऱ्याचे तुकडे गोळा केले, चुरगळले, खाली टाकले. "धाकटीवर मी जळणारच. ते काही सुटायचं नाही, आणि तू उपदेश करू नकोस. पण सकाळी उठून पडू दे पडू दे म्हणत बसायचं, हे मला नको झालंय."

"मग फोनवरून ते काढून टाकू का?"

"काढलं तर रोज येऊन तुला भाव विचारेन. मला ओळखत नाहीस?"

त्यांनी खिशातून घडी घातलेल्या नोटा काढून माझ्या हातात कोंबल्या.

"तुझं ते खातं आहे ना? माझंही उघडून दे, आणि त्यात मला त्या कंपनीचा एक शेअर घेऊन दे. एकच."