अडतीसच्या आतली कोणतीही तारीख

बातमीत ‘आज’ आणि ‘उद्या’ एकटे सोडायचे नाहीत, शेजारी तारीख लिहायची, हा डेस्कवर मला शिकवलेला पहिला नियम. यवतमाळच्या एका दैनिकाच्या जिल्हा आवृत्तीत मी नऊ वर्षं उपसंपादक होतो. डेस्क नागपूरला हलवलं तेव्हा आम्ही पाच जण घरी बसलो. पानं लावणारे संगणक बिघडले की मीच ते उघडून पाहत असे. तेवढ्या ओळखीवर मला दुसरं काम मिळालं. दवाखाने, शाळा, जिनिंग अशा ठिकाणी कर्मचाऱ्यांची हजेरी आणि सेवानोंद ठेवणारी मशीन एक कंपनी विकते. त्या मशीनमधला तारखा सांभाळणारा भाग माझ्याकडे आला. गेली अकरा वर्षं तो माझ्याकडेच आहे.

माझी धाकटी बहीण राजूरला राहते आणि वणीजवळच्या एका खासगी ट्रस्टच्या दवाखान्यात परिचर आहे. कागदावर तिचं काम चादरी, बेडपॅन आणि फरशी. प्रत्यक्षात रोग्याची शीर सापडत नसली की नर्स तिलाच हाक मारते. बारावी ती लग्नानंतर, मुलगी दोन वर्षांची असताना पास झाली. हा दवाखाना दर तीन वर्षांनी आपल्या दोन कर्मचाऱ्यांना, नोकरी कायम ठेवून, नर्सिंगच्या दोन वर्षांच्या प्रशिक्षणाला पाठवतो. अट एक : प्रशिक्षण संपल्यावर किमान दहा वर्षं सेवा शिल्लक हवी. बहिणीने या वेळी अर्ज केला. खऱ्या जन्मतारखेने तिच्याकडे अटीपेक्षा दहा महिने जास्त होते. पुढच्या तुकडीपर्यंत ते संपणार होते, म्हणजे संधी ही एकच. अर्ज परत आला. त्यावर शेरा होता, सेवा चौदा महिन्यांनी कमी पडते.

मधले चोवीस महिने कुठं गेले हे शोधायला मला फार वेळ लागला नाही. ते मी घालवले होते.

संगणक तारीख तारीख म्हणून साठवत नाही. १ जानेवारी १९७० पासून किती सेकंद झाले हा एक आकडा तो साठवतो आणि मागितली की त्यावरून तारीख काढून देतो. जुन्या संगणकांत या आकड्यासाठी राखलेली जागा लहान आहे. १९ जानेवारी २०३८ ला, आपल्याकडे सकाळचे पावणेनऊ वाजायच्या सुमारास, ती जागा भरते. पुढच्या सेकंदाला आकडा उलटतो आणि संगणक डिसेंबर १९०१ दाखवतो. हे ठरवणाऱ्यांना अडतीस साल फार लांबचं वाटलं असावं. पण निवृत्तीची तारीख मशीनला नोकरीच्या पहिल्याच दिवशी लागते. ज्यांची निवृत्ती अडतीसच्या जानेवारीनंतर आहे, त्यांच्यापुरतं ते साल आधीच येऊन गेलं होतं.

सात वर्षांपूर्वी त्या दवाखान्याच्या बाबूंचा मला फोन आला. नवीन मशीन बसवलं होतं आणि रजिस्टरातल्या नोंदी ते एकेक करून त्यात भरत होते. चार जणांची नोंद मशीन घेत नव्हतं; कायम कर्मचाऱ्यांत तेच चौघं सर्वांत तरुण होते.

“भाऊ, मशीन म्हणते का ही बाई एकोणीसशे तीनमधीच रिटायर झाली,” ते म्हणाले. “मंग हे इथं फरशी पुसून राह्यली ते कोण?”

आम्ही दोघंही हसलो. कोणती बाई, हे मी विचारलं नाही. बातमीदाराला मी दिवसातून दहा वेळा ‘कोण’ विचारत असे. त्या दिवशी विचारलं नाही. माझ्यापुढे दुसऱ्या एका गिऱ्हाइकाचं काम होतं. दोष मला माहीत होता, दुरुस्तीला काही महिने लागणार हेही माहीत होतं. मी सांगितलं, “सध्या अडतीसच्या आतली कोणतीही तारीख टाका. नंतर दुरुस्त करू.”

निवृत्तीची तारीख हाताने टाकता येत नव्हती. मशीन ती जन्मतारखेवरून स्वतः काढतं. बाबूंनी जे शक्य होतं ते केलं. चौघांच्या जन्मतारखा दोन-दोन वर्षं मागे घेतल्या. मशीनने चारही नोंदी घेतल्या. त्यातली एक माझ्या बहिणीची होती.

दुरुस्ती मी केली. त्यात कसूर केली नाही असं मी आजही म्हणतो. तारखांची कामं एका सामाईक गठ्ठ्यात असतात, ज्याला लायब्ररी म्हणतात. हजेरी, रजा, सेवानोंद हे सगळे प्रोग्राम तारीख हवी की त्या गठ्ठ्याकडे येतात. त्यातली आकड्याची जागा दुप्पट करणं हे दोन दिवसांचं काम. पण आधी साठवलेल्या नोंदी लहान मापाच्या असतात आणि जुने प्रोग्राम लहान मापच मागतात. जुन्या मापाने एकाने चार डबे पाठवले आणि नव्या मापाने दुसरा आठ उघडायला बसला, तर तो पुढच्या माणसाचे चार उघडतो, आणि एकाची रजा दुसऱ्याच्या नावावर जाते. म्हणून जुनी नोंद ओळखायची, नवी वेगळी ओळखायची आणि दोन्हींना बरोबर उत्तर द्यायचं, असं ते काम पाच महिने चाललं.

काम झालं हे तपासायला अडतीसच्या पलीकडची एखादी खरी तारीख हवी होती. मला पाठ असलेली तशी एकच तारीख होती, बहिणीच्या निवृत्तीची. ती मी तपासणीत घातली. उत्तर बरोबर आलं. सगळ्या गिऱ्हाइकांना नवी लायब्ररी गेली, त्या दवाखान्यालाही. ‘नंतर’ आलं होतं, पण फोनवर मी कोणाला काय सांगितलं होतं ते माझ्याकडे कुठंही लिहिलेलं नव्हतं. लायब्ररीने चार नोंदी नव्या मापात नेल्या, चुकीच्या तारखांसकट. तिच्या दृष्टीने त्यांत काही चूक नव्हती.

अर्ज परत आल्यावर मी वणीला गेलो. दवाखान्याचे प्रशासन अधिकारी सरकारी नोकरीतून निवृत्त होऊन तिथं आलेले, नीट बोलणारे गृहस्थ. त्यांनी चहा मागवला आणि सगळं ऐकून घेतलं. त्यांची फाइल व्यवस्थित होती. बहिणीचा शाळा सोडल्याचा दाखला त्यात होता, त्यावर खरी तारीख होती. पण दवाखान्याचा नियम असा की सेवापुस्तकातली जन्मतारीख नोकरी लागल्यापासून पाच वर्षांतच बदलता येते. तिला नऊ वर्षं झाली होती. शिवाय दर वर्षी सेवापुस्तकाचं पान मशीनवर छापून कर्मचाऱ्याची सही घेतात, ‘वरील नोंद बरोबर आहे’ या ओळीखाली. सहा पानांवर तिची सही होती.

मी मशीनच्या दोषाबद्दल सांगितलं. ते म्हणाले, दाखवा. मी त्यांच्याच मशीनवर बहिणीची खरी जन्मतारीख टाकली. मशीनने निवृत्तीची तारीख छापली, बिनचूक, अडतीसच्या जानेवारीपुढे सतरा महिन्यांची.

“मग चूक कुठं आहे?” त्यांनी विचारलं.

चूक मी काढून टाकली होती. जुनी लायब्ररी माझ्या लॅपटॉपवर होती. ती चालवून मी त्यांना मे १९०३ ही तारीख दाखवली. त्यांनी ती चष्मा काढून पाहिली आणि विचारलं, हे मशीनही तुम्हीच लिहिलेलं ना? अर्जदार तुमची सख्खी बहीण ना? दोन्हींचं उत्तर हो होतं. नोंद कोणी आणि केव्हा बदलली हे लिहून ठेवायची सोय मशीनमध्ये त्या काळी नव्हती. ती पुढे मीच घातली. सात वर्षांपूर्वीच्या नोंदींच्या प्रती राहिलेल्या नव्हत्या आणि जुनं रजिस्टर मशीन आल्यावर रद्दीत गेलं होतं.

मी दाखल्यावर बोट ठेवलं. त्यावर ते जे बोलले ते मी बाहेर येऊन वहीत उतरवून घेतलं, जुन्या सवयीने.

“तुमच्याकडे सगळेच एक जुलैचे. माझा अर्धा स्टाफ एक जुलैला जन्मलाय. ती तारीख मास्तरांनी लिहिली, ही आमच्या बाबूंनी लिहिली. दोघांनीही खुर्चीत बसूनच लिहिली. मी कोणाची खरी मानू?”

एक जुलैबद्दल ते चुकीचं बोलत नव्हते. दारव्हा तालुक्यातल्या आमच्या गावात मास्तर पोराला डोक्यावरून हात नेऊन पलीकडचा कान धरायला लावत. कान हाती लागला की पोरगं शाळेच्या वयाचं. मग मास्तर आईला एक-दोन प्रश्न विचारून साल ठरवत आणि दिवस एक जुलै लिहीत. माझीही जन्मतारीख एक जुलै आहे. आमच्या घरात चार वर्षांच्या अंतराने दोन माणसं एकाच दिवशी जन्मली, असं सरकारदरबारी नोंदलेलं आहे.

पण साल अंदाजाचं नव्हतं. गावच्या विहाराचा पाया भरला त्या वर्षी बहीण झाली. आई ओली बाळंतीण असल्यामुळे कार्यक्रमाला जाऊ शकली नाही आणि ते तिने मरेपर्यंत बोलून दाखवलं. विहाराच्या दारापाशी कोनशिला आहे, तीवर साल कोरलेलं आहे. मी गावी जाऊन तिचा फोटो काढला. तिथून राळेगावला गेलो. ते बाबू आता तिथं मुलाकडे राहतात. स्वतः ते बरोबर तारखेला निवृत्त झाले. माझा फोन त्यांना शब्दन्शब्द आठवत होता. मी म्हटलं, तेवढं लिहून द्या.

“लिहून देलं तर म्या नोंद खोटी केली असं होते न, भाऊ,” ते म्हणाले. “तुमी फोनवर बोलले. लिहिलं तं मीच.”

मी आग्रह केला नाही. त्यांनी बसस्टँडपर्यंत सायकल हातात धरून मला सोबत केली आणि एसटी येईपर्यंत थांबले.

फोटो, दाखला आणि माझं लेखी निवेदन जोडून बहिणीने पुन्हा अर्ज केला. निवेदनात मी लिहिलं की तारीख मागे घेण्याचा सल्ला माझा होता. ट्रस्टच्या समितीचं उत्तर तीन ओळींचं होतं. कोनशिला हा जन्माचा पुरावा नाही. पुरवठादाराचं निवेदन हितसंबंधी आहे. कर्मचाऱ्याने सहा वेळा नोंद मान्य केली आहे.

तिसऱ्या ओळीचा राग मला बहिणीवर आला. उत्तर आलं त्या रविवारी मी राजूरला तिच्या घरी होतो. ती दारातल्या पायरीवरची कोळशाची धूळ पुसत होती. तिथं ती दिवसातून दोनदा पुसावी लागते. मी विचारलं, सही करताना वाचत का नाहीस? सहा वर्षं एकदाही नजर गेली नाही?

“वाचलं न,” ती म्हणाली. “दुसऱ्याच वर्षी वाचलं. बाबूले म्हणलं, हे साल माहं नाही. तो म्हणे, तुह्या भावानंच सांगतलं तसं टाकाले.”

“मग मला का नाही विचारलंस?”

“कायले विचारू? तारखेचं काम तुहं. मले वाटलं, तू सांगतलं म्हणजे काही कारण असंल.” तिने फडकं बादलीत पिळलं. “तू चुकशील असं मले वाटलंच नाही, दादा.”

ती चिडून बोलली नव्हती. डेस्कवर असताना चुकलेल्या बातमीची दुरुस्ती आम्ही दुसऱ्या दिवशी आतल्या पानावर चार ओळींत छापत असू. ती कोण वाचतं हे आम्हाला माहीत होतं. कोणी वाचत नसे.

बाकीच्या तिघांनाही मी कळवलं. एकाने नोकरी सोडली होती. दोघांनी सांगितलं, आमचं नाव यात घेऊ नका, साहेबांच्या नजरेत यायचं नाही.

प्रशिक्षणाला दोघी गेल्या. त्यातली एक बहिणीच्याच वॉर्डातली, तिच्याहून बारा वर्षांनी लहान. शीर कशी शोधायची हे तिला बहिणीनेच शिकवलं होतं. जाताना ती बहिणीच्या पाया पडली, बहिणीने तिला पेन दिलं. हे मला दुसऱ्या कोणाकडून कळलं.

बहिणीची निवृत्तीची तारीख लायब्ररीच्या तपासणीत अजून आहे. कोणीही त्या लायब्ररीत एक ओळ बदलली की तपासणी चालते, त्या तारखेपाशी येते आणि पास असा शेरा देऊन पुढे जाते. ती तारीख खरी मानणारा संगणक मला माहीत आहे तेवढा तो एकच. ती काढून दुसरी घालावी असं मला दोनदा वाटलं. घातली नाही. तपासणीला ती तारीख चांगली आहे.

गेल्या महिन्यात सेवापुस्तकाची पानं पुन्हा छापून आली. दुपारी बहिणीचा फोन आला. ती म्हणाली, सही करून आली, या वर्षी बाबू नवीन आहे, त्याने बोट ठेवून जागा दाखवली. मी विचारलं, काही बोललीस का? ती म्हणाली, काय बोलणार.

मग मला बरं वाटावं म्हणून असेल, तिने सांगितलं, “मशीन मात्र चांगलं चालून राह्यलं आता. कोणाचीच तारीख अडत नाही.”