त्याच्या वाटणीची मेणबत्ती

मालाडच्या ख्रिस्ती दफनभूमीबाहेर ती मेणबत्त्या विकायची. वाकलेल्या वाती चिमटीने सरळ करून, जाड-बारीक वेगळ्या मांडायची. नीटनेटकं काम मला आवडतं, म्हणून बाजाराला जाताना मी तिच्याशी दोन शब्द बोलायचे. ती कॅथलिक, मी प्रोटेस्टंट. तिचा मुलगा आमच्या चर्चमध्ये येऊ लागला होता.

मृतांच्या स्मरणदिनाच्या आदल्या दिवशी तिने मला थांबवलं.

"बाय, तुमच्यात येऊन पोरगा पंडित झाला. बापाच्या कबरीवर येणार नाय म्हणतो. मेलेल्यांसाठी प्रार्थना बायबलात नाय, म्हणतो. खरं काय?"

"आमच्या बायबलात नाही."

"मला कुठं वाचता येतं? आईनं हात धरून शिकवलं, तेवढंच मी करते. तू सांग ना त्याला, नुसता ये म्हणून. तुझं ऐकेल."

"जे लिहिलेलंच नाही, ते मी कसं सांगू?" असं म्हणून मी पिशवीतून सामानाची यादी काढली आणि बाजाराकडे वळले.

दुसऱ्या दिवशी फाटकातून दिसलं. नवऱ्याच्या कबरीपाशी ती एकटीच उभी होती, दोन मेणबत्त्या लावून. दुसरी मुलाच्या वाटणीची असणार.

मेणबत्ती लावू नकोस, पण आईशेजारी उभा राहा, एवढं मला त्याला सांगता आलं असतं. त्याला बायबलाचीही हरकत नव्हती.