अर्धा कोयता

दुसऱ्याच्या आयुष्यात ढवळाढवळ न करणं ही फार मोठी साधना आहे, आणि आमच्या सरांना ती साधली होती. "निर्णय तुमचा. मी फक्त ऐकतो," असं म्हणून ते मनगटावरचं घड्याळ काढून खिशात ठेवत.

त्या वर्षी उमापुरात पाऊस नव्हता, त्यामुळे दूधही नव्हतं; सोसायटीने दूध घेणं बंद केलं होतं. मी दूध सोसायटीचा सचिव. सोसायटीची एक खोली रिकामी पडली होती, ती आम्ही सरकारने पाठवलेल्या या समुपदेशकाला दिली. उद्घाटनाला तीन पुढारी मनःशांतीवर बोलले. चौथ्याला झोप लागली. सर दर गुरुवारी गेवराईहून येत.

एकदा त्यांच्या घरी जेवायला गेलो. वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, भाजी काय करू विचारलं, तर म्हणतेत, निर्णय तुझा." मग वाढता वाढता, "गुरुवारी कोणी मोठा साहेब येतो का हो तुमच्याकडं? दाढी तेवढी त्याच दिवशी करतेत."

सर ताटात पाहत राहिले. मीही.

साहेब कोणी येत नव्हता. एक बाई येई. नवरा सोडून गेलेला, झोप नाही, छातीत धडधड. दोनदा ती नुसती बसून गेली. तिसऱ्यांदा हसली. तेव्हापासून सर बाकीच्यांचं ऐकत, पण दाराकडे बघत.

दसऱ्यानंतर मुकादम ऊसतोडीची टोळी जमवू लागला. तिथे दोघांची जोडी म्हणजे एक कोयता. तिची जोडी भावाशी ठरली होती. "सर, जाऊ का नगं?" तिने विचारलं.

गेली असती तर पाच-सहा महिने दिसली नसती. सरांनी जन्मात पहिल्यांदा सल्ला दिला. "जाऊ नका. तब्येत सांभाळा."

ती राहिली. ट्रक गेला. पुढच्या गुरुवारी तिचा भाऊ दारात उभा.

"तुमी नगं म्हनलात म्हून ही बसली. आता मी एकटा, अर्धा कोयता. अर्ध्याला कोन नेतंय, सर? हितं खायचं काय?"

तो गेल्यावर सर मला म्हणाले, "तो सल्ला तिच्यासाठी नव्हता हो."

मी दुधाची फॅट बघणारा माणूस. चहा मागवला. तो तसाच निवला.

सरांनी पाटोद्याला बदली मागून घेतली. वहिनींना कारण सांगितलं, इथे पाणी नाही. पाटोद्यालाही नव्हतं.

नंतर एके दिवशी बाई सोसायटीत आली. दुसऱ्या टोळीतली एक जोडी पळून गेली होती, त्या जागी या बहीणभावाला घेतलं होतं. "उद्या निघतोत," म्हणाली.

"झोपेचं काय?"

"लागती आता."

सरांचा फोन आला तेव्हा मी हे सगळं सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "माझ्याबद्दल काही विचारलं का तिनं?"

तिने एवढंच विचारलं होतं, की सोसायटी दूध परत कधीपासून घेणार.