सुमनसाठी विश्वस्त

“पयले इले भरव, मंग बोल.” विश्वस्त व्हायला आलेल्या प्रत्येकाच्या हाती सुमनची आई भाताची थाळी द्यायची आणि त्याला लेकीसमोर बसवायची.

गोंडपिपरीतल्या माझ्या वकिलीत अशी परीक्षा घेणारी आई मी दुसरी पाहिली नाही. तिची सुमन तिशीची. बोलणे नाही, तोंडातून अखंड लाळ. शेत थेट सुमनच्या नावावर केले तर ते उत्पन्नाच्या दाखल्यात दिसणार आणि तिचे निराधारचे अनुदान बंद होणार. म्हणून शेत विश्वस्ताच्या हाती सोपवायचे आणि त्याने पीक केवळ सुमनच्या गरजांसाठी वापरायचे, हा मार्ग मीच सुचवला होता. आता हवा होता तो माणूस.

आईचा पुतण्या आला तो अत्तर लावून. पहिलाच घास लाळेसोबत त्याच्या मनगटावर ओघळला आणि त्याने रुमालाने नाक दाबले.

“काऊन रे बाबू, नाक पडून राह्यलं काय?” तिने विचारले.

“काकू, वास येते.”

“वावराचा नाई आला काय वास?”

मी हसले. पण हात झटकताना त्याच्या ओठांना पडलेली मुरड आठवली, की आजही किळस येते. किळस लाळेची नव्हती. त्या स्वच्छ, सुगंधी हाताची होती. तुम्हीही पाहिला असेल असा हात.

अखेर नाव लागले शेजारच्या बांगडीवाल्या शमीमबीचे. भरवताना तिच्या गप्पा थांबल्या नाहीत, ओढणीने हनुवटी पुसणेही थांबले नाही. भाऊबंद कुरकुरले, “परक्या जातीची बाई!”

“जात लाळ पुसते काय रे?” एवढेच म्हणून सुमनच्या आईने अंगठा उमटवला.

यंदा ती गेली. तेरवीला पुतण्या “माय होती आमची” म्हणत, डोळे टिपत तूप वाढत होता. सुमनचे पान गोठ्यापाशी, शेणाच्या ओल्या वासात, एकटेच मांडलेले. शमीमबीला पंगतीचे बोलावणेच नव्हते. ती काट्यांच्या कुंपणापलीकडे उभी होती. सुमन उठली आणि वरणाने माखलेल्या हातांनी फाटक ढकलून तिच्याकडे गेली.

“जाऊ द्या,” तुपाचे भांडे सावरत पुतण्या म्हणाला, “पंगत तरी साफ राह्यते.”

पान दुमडून मी बाहेर आले. दोघी मोहाच्या झाडाखालून सावकाश चालल्या होत्या. शमीमबीच्या पाठीवर पाच पिवळी, ओली बोटे उमटली होती.